निरोगी माणसाची खुर्ची

मी एक आरामखुर्ची. आराम माझ्या नावात आहे, नशिबात नाही. अंगावर तपकिरी रेक्झिन, आत फोम आणि उजव्या बाजूला एक दांडा. दांडा ओढला की पाठ मागे जाते आणि पायांखाली पाट्यासारखं काहीतरी वर येतं. म्हणजे यायला हवं. माझं तसं कधीच सरळ झालं नाही.

दोष जन्माचाच. भवानी पेठेत टिंबर मार्केटच्या मागे जब्बारभाईंचं वर्कशॉप आहे, तिथे मी जन्मले. माझी स्प्रिंग बसवत असताना जब्बारभाईंना एका गिऱ्हाइकाचा फोन आला आणि एका हातात फोन, एका हातात हातोडी अशी कसरत सुरू झाली. स्प्रिंग वाकडी बसली. तेव्हापासून माझा दांडा आडमुठा आहे. आधी तळहाताने आत दाबायचा, मग वर ओढायचा. नुसता ओढला तर ढिम्म हलत नाही.

जब्बारभाईंचा भाऊ म्हणाला, "परत खोलू का?"

"राहू दे," जब्बारभाई म्हणाले. "पुण्यातच राहणार आहे. थोडा आडमुठेपणा शोभतो."

अशी मी जगात आले.

मला विकत घेतलं ते पाटबंधारे खात्यातल्या काही मंडळींनी. त्यांचे साहेब मच्छिंद्र ओव्हाळ निवृत्त होत होते. शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. प्रत्येकाने आपल्या भाषणात "साहेबांनी आता आराम करावा" असं सांगितलं आणि माझ्याकडे हात केला. मी लाल रिबीन बांधून व्यासपीठावर उभी होते. लाजले.

ओव्हाळसाहेब उत्तराला उभे राहिले. उंच, सावळे, उन्हाने रापलेले. आयुष्य पाटाच्या कडेने मोटारसायकल फिरवण्यात गेलेलं. ते म्हणाले, "आख्खी नोकरी खात्याने मला बसू दिलं नाही. आज खुर्ची देतंय. सरकारी काम उशिरा होतं म्हणतात ते हेच."

सगळे हसले. मला माझा मालक आवडला.

विश्रांतवाडीच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये मला हॉलच्या कोपऱ्यात जागा मिळाली. समोर भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर. सकाळी हिराताई, म्हणजे ओव्हाळसाहेबांच्या पत्नी, तिथे मेणबत्ती लावून वंदना म्हणायच्या आणि टपाल खात्यातल्या नोकरीला निघायच्या. त्यांची अजून दोन वर्षं बाकी होती. मुलगी पूर्वा खराडीला एका कंपनीत कामाला. ती संध्याकाळी हेडफोन लावूनच घरात शिरायची. दिवसभर घरात आम्ही दोघंच, साहेब आणि मी.

सुरुवातीला मजा होती. दांड्याची खोड साहेबांनी पहिल्याच दिवशी ओळखली. दाबला, ओढला, टक्क. पाय वर करून ते पेपर वाचायचे आणि प्रत्येक बातमीवर एक शेरा मारायचे. महापालिकेची पाणीकपातीची बातमी आली की मी अंग सावरून बसायची, कारण साहेब हात आपटायचे आणि तो माझ्यावरच पडायचा.

मग एके दिवशी हात आपटला नाही.

का, ते मला आजही सांगता येणार नाही. काही घडलं नव्हतं. कुणी गेलं नव्हतं, कुणाशी वाकडं आलं नव्हतं. हळूहळू शेरे थांबले. मग पेपर घडी न मोडता मांडीवर राहू लागला. पहाटे, बाहेर पाखरंही उठली नसताना, साहेब उठून माझ्यात येऊन बसायचे. टीव्हीचा रिमोट हातात, पण टीव्ही बंद. हिराताई वंदना म्हणायला लागल्या की त्यांचे ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. ताटात सुक्या बोंबलाची चटणी तशीच राहायची. पूर्वी त्या चटणीसाठी बापलेकीत मारामारी व्हायची.

हिराताईंनी फोनवर बहिणीला सांगितलं ते मी ऐकलं. "अगं, भांडत नाहीत आता. परवा भाजीवाल्याने पिवळी पडलेली कोथिंबीर दिली. गपचूप घेऊन आले!"

पलीकडून बहीण बहुधा "अगं बाई!" म्हणाली असावी. प्रकरण गंभीर होतं.

पूर्वाने एका रविवारी विषय काढला. "बाबा, तुम्ही खूप लो वाटताय."

"लो म्हणजे? बीपी?"

"नाही हो. मूड."

"मूड नटनट्यांना असतो. मी पाटबंधारे खात्यात होतो."

"बाबा, सीरियसली. एकदा डॉक्टरला दाखवू ना."

"मला काय धाड भरलीय?"

एवढं बोलून ते पुन्हा गप्प झाले. एकेकाळी याच वाक्याला त्यांनी अर्धा तास भाषण जोडलं असतं. पूर्वा थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली, आणि मग तिची नजर माझ्यावर आली. माणसांना दोष द्यायला कुणीतरी लागतं. घरात मांजर नव्हतं.

"ही खुर्चीच मूळ आहे सगळ्याचं," ती म्हणाली. "हिच्यातून उठतच नाहीत. काढूनच टाकते."

मी बिचारी काय बोलणार?

त्याच आठवड्यात तिच्या मोबाईलवर कुणीतरी एक निरोप पुढे पाठवला. एका मोठ्या इस्पितळाच्या मानसोपचार विभागात संशोधनासाठी आरामखुर्ची हवी आहे, वापरलेली चालेल. खाली आणखी एक ओळ होती: निरोगी स्वयंसेवकही हवेत. वापरलेले चालतील असं मात्र त्यांच्याबाबत लिहिलं नव्हतं.

पूर्वाने तो निरोप मोठ्याने वाचून दाखवला. साहेबांनी विरोध केला नाही. टेम्पो आला, मला दोरीने बांधलं. गॅलरीत साहेब उभे होते. त्यांनी हात वर केला. मला निरोप द्यायला, की डोळ्यांवर ऊन आलं म्हणून, ते समजलं नाही.

इस्पितळात माझी रवानगी एका बोळाच्या टोकाला असलेल्या लहानशा खोलीत झाली. तिथे डॉक्टर आलिया शिकलगार होत्या. वय तिशीच्या आसपास, चालणं भरभर, बोलणं हळू. त्यांचा प्रबंध चालू होता. त्या प्रत्येक माणसाला तीच माहिती सांगायच्या, त्यामुळे मला ती तोंडपाठ झाली. तुम्हालाही सांगते.

मेंदूत सेरोटोनिन नावाचं एक रसायन असतं. नैराश्यात त्याचं काहीतरी बिनसतं असा बऱ्याच जणांचा तर्क आहे. पण बघणार कसं? जिवंत माणसाचं डोकं उघडून डोकावता येत नाही, नातेवाईक रागावतात. म्हणून शास्त्रज्ञांनी एक खिडकी शोधली. सेरोटोनिनला डिवचणारी एक गोळी द्यायची. सेरोटोनिन जागं झालं की मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीला निरोप जातो, आणि रक्तात प्रोलॅक्टिन, कॉर्टिसॉल अशी हार्मोन्स वाढतात. हातात एक सुई ठेवून थोड्या थोड्या वेळाने रक्त घ्यायचं आणि ती किती वाढली ते मोजायचं. नैराश्य असलेल्यांत हा चढ कमी दिसतो, असं काही अभ्यासांत आढळलं होतं. काहींत आढळलं नव्हतं. डॉक्टर आलियांना स्वतः बघायचं होतं. एक गट रुग्णांचा, एक गट निरोग्यांचा, आणि दोन्ही गट आळीपाळीने माझ्यात.

अट एकच आणि ती महाकठीण. माणूस उपाशी हवा, निवांत हवा आणि जागा हवा. कारण घाबरला तरी ही हार्मोन्स वाढतात, आणि डुलकी लागली तरी प्रोलॅक्टिन चढतं. पुण्यात निवांत माणूस झोपलेला असतो आणि जागा माणूस कुणाशी तरी भांडत असतो. मधली अवस्था आणायची कुठून?

त्यात खोलीची खिडकी पार्किंगवर उघडायची. खाली कुणी आडवी गाडी लावली की वर माझ्यात बसलेला स्वयंसेवक मान उंचावून म्हणायचा, "अहो, ओ पांढरी गाडी!" आणि डॉक्टर आलिया कपाळाला हात लावायच्या. त्या फेरीचं रक्त वाया.

कर्वेनगरहून पृथ्वीराज नावाचा एक जिम चालवणारा गडी आला होता. दंड माझ्या हातांपेक्षा जाड, मिशा पिळलेल्या. त्याने रक्त घेणाऱ्या शर्मिला सिस्टरना विचारलं, "प्रोलॅक्टिन म्हणजे नक्की काय असतं हो?"

सिस्टर सुईची पट्टी चिकटवत म्हणाल्या, "बाळंतिणीला दूध येतं ना, ते आणणारं हार्मोन."

गडी ताडकन उठायला लागला. "मला दूध येणार?"

"तसं असतं तर कात्रज डेअरीवाले तुम्हाला केव्हाच घेऊन गेले असते," सिस्टर म्हणाल्या. "बसा."

तो बसला, पण दिवसभर छातीवर हाताची घडी घालून.

दुसरी अडचण मीच होते. प्रत्येक जण माझ्या दांड्याशी झटापट करून घामाघूम व्हायचा, आणि सगळा निवांतपणा सुरुवातीलाच संपायचा. शेवटी डॉक्टर आलिया माणूस यायच्या आधी स्वतःच खटपट करून मला आडवी करून ठेवू लागल्या. त्यांनाही पहिल्या झटक्यात कधी जमलं नाही.

दिवस गेले. रुग्णांचा गट पूर्ण झाला. निरोग्यांच्या गटात एकच जागा उरली. आणि ती भरतच नव्हती. जो येई तो मुलाखतीत गळे. कुणाला झोपेची गोळी चालू, कुणी बायकोच्या धाकाने आलेला, कुणी सिगारेट सोडायला तयार नाही. विभागप्रमुख सबनीस सर रोज दारातून डोकावून विचारायचे, "काय, सापडला का पुण्यात एक तरी धड माणूस?"

मग एक दिवस डॉक्टर आलिया हसत खोलीत आल्या. "सिस्टर, मिळाला! झोप कशी, म्हटलं, तर उत्तम. भूक? उत्तम. मन लागतं का? म्हणे कशात? म्हटलं, कशातही. तर म्हणे उत्तम."

"पुण्याचेच का?" शर्मिला सिस्टरनी संशयाने विचारलं.

"विश्रांतवाडी."

दोन दिवसांनी सकाळी दार उघडलं, आणि आत आले ओव्हाळसाहेब.

मला हंबरडा फोडावासा वाटला. गालफडं बसलेली, शर्ट खांद्यावरून ओघळलेला. उत्तम? हा माणूस आणि उत्तम? पूर्वाने वाचलेल्या निरोपातली दुसरी ओळ त्यांनी लक्षात ठेवली होती तर!

मला बघून ते उंबऱ्यातच थबकले. मग येऊन बसले. त्यांच्या अंगाचा खळगा माझ्या फोममध्ये अजून होता. वजन मात्र कमी झालं होतं.

त्या दिवशी झाडलोट करताना कुणीतरी मला सरळ केलं होतं. डॉक्टर आलिया घाईने पुढे आल्या, "थांबा हं, तो दांडा जरा..."

साहेबांचा हात आपसूक खाली गेला. दाबला, ओढला, टक्क.

डॉक्टर बघतच राहिल्या. "अरे! तुम्हाला कसं कळलं?"

"अंदाज," साहेब म्हणाले.

मी माझ्या परीने ओरडले. हा माणूस निरोगी नाही, याला विचारा, हा पहाटेपासून जागा असतो! खुर्चीला ओरडायचं तर एकच भाषा येते. मी जोरात कुरकुरले. शर्मिला सिस्टरनी ड्रॉवरमधून बाटली आणली आणि माझ्या सांध्यात तेल घातलं. माझा आवाज बंद झाला.

सुई टोचली, रक्त घेतलं, गोळी दिली. वेळ जाऊ लागला. एरवीचे निरोगी लोक या वेळात जीव नकोसा करायचे. चहा कधी, बाथरूमला जाऊ का, अजून किती, एसी कमी करा, एसी वाढवा. साहेबांनी काही मागितलं नाही. गोळीने जांभया येतात, तशा त्यांना आल्या, थोडं मळमळलं. विचारलं तर म्हणाले, "ठीक आहे."

मध्येच खाली पार्किंगमध्ये खणखणीत भांडण जुंपलं. एकाने रुग्णवाहिकेच्या वाटेत गाडी लावली होती आणि वर विचारत होता, "बोर्ड कुठंय?" बोर्ड त्याच्या डोक्यावर होता. सिस्टरसुद्धा खिडकीशी धावल्या. साहेबांनी मान वळवली नाही. मला वाटलं, आता तरी कुणाच्या लक्षात येईल! पुण्यातला निवृत्त अभियंता, खाली माणूस धडधडीत चूक करतोय, आणि याला दोन शब्द सुचत नाहीत?

डॉक्टर आलिया मात्र खिडकीकडे गेल्या नव्हत्या. त्या साहेबांकडे बघत होत्या.

चाचणी संपली. सुई काढली, कापूस दाबला, चहा-बिस्किटं आली. "झालं, ओव्हाळसाहेब. उठा आता," सिस्टर म्हणाल्या.

साहेब उठले नाहीत. चहावर साय धरली.

"सिस्टर, आता इथे दुसरं कुणी बसणार आहे?"

"नाही. आजचं संपलं."

"मग मी बसू थोडा वेळ?"

सिस्टरनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर आलियांनी स्टूल ओढलं आणि माझ्याजवळ बसल्या. हे मी पहिल्यांदाच बघत होते. एरवी रक्ताच्या नळ्या घेऊन त्या पळत सुटायच्या. आज नळ्या सिस्टरकडे दिल्या आणि बसून राहिल्या.

मग त्यांनी विचारलं, "खुर्ची ओळखीची आहे का?"

"माझीच आहे," साहेब म्हणाले. "मुलीने दिली तुम्हाला. म्हणाली, बाबा, हिच्यामुळे तुम्ही असे झालात. ही गेली. मी तसाच राहिलो. आता सोफ्यावर बसतो."

सिस्टरनी हातातल्या नळ्या टेबलावर ठेवल्या.

"असे म्हणजे कसे?" डॉक्टरांनी विचारलं.

मग साहेब बोलू लागले. आधी तुटक, मग थोडं सलग. जेवणाला चव नाही. झोप पहाटेच संपते आणि पुढचा दिवस अंगावर येतो. कुणी बोललं तर लांबून बोलतंय असं वाटतं. "आणि परवापासून एक वाटतंय," ते म्हणाले, "की पाटावर जाऊन बसावं. सध्या आवर्तन चालू आहे, धरणातून सोडलंय. पाणी भरपूर आहे."

"नुसतं बसायला?"

साहेबांनी गार चहा बाजूला सरकवला. मग म्हणाले, "तेच ठरवता येईना. म्हणून इकडे आलो. म्हटलं, निरोगी आहे असं कुणी लिहून दिलं, तर कदाचित आपल्यालाही पटेल."

माझ्या आयुष्यात मी बरीच वजनं पेलली. त्या क्षणाला साहेबांचं जे वजन होतं, तेवढं कधीच कुणाचं नव्हतं.

डॉक्टर आलियांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. "बरं झालं आलात," त्या म्हणाल्या. "आता एकट्याने जायचं नाही. घरचा नंबर सांगा."

हिराताई ऑफिसातून थेट आल्या, मागोमाग पूर्वा. दोघी दारातच थांबल्या. पूर्वाने मला पाहिलं, बाबांना पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. हिराताई पदराने नाक पुसत पुढे आल्या.

"दोन बस बदलून खुर्चीला भेटायला आलात?" त्या म्हणाल्या. "माझ्या ऑफिसात कधी आला नाहीत."

"तुमच्याकडे बसायला जागा नसते," साहेब म्हणाले.

कितीतरी दिवसांनी आलेलं ते वाक्य. हिराताई हसल्या आणि लगेच रडल्या, आणि मग दोन्ही एकदम करू लागल्या. त्याच दुपारी डॉक्टर आलियांनी साहेबांना आपल्या एका अनुभवी सहकाऱ्याकडे नेलं. साहेबांचे उपचार सुरू झाले.

इथे गोष्ट संपली असती, पण त्या रक्ताच्या नळ्या फ्रीजरमध्ये होत्या ना! सगळे नमुने एकदम तपासायचे असतात. आकडे आले तेव्हा सबनीस सर कागद घेऊन खोलीत आले. सर वाईट नव्हेत. फक्त त्यांचं प्रेम आकड्यांवर जडलं होतं.

"आलिया, हा बघ. सोन्यासारखा आकडा! निरोग्यांत याच्याएवढा चढ कुणाचाच नाही. हा धरला की दोन गटांतला फरक कसा ठसठशीत दिसतो बघ."

डॉक्टर आलियांनी कागद पाहिला. "सर, हे ओव्हाळ. हे निरोगी नाहीत."

"त्यांच्या रक्ताला ते माहीत नाही."

"मला माहीत आहे."

"मुलाखतीत सगळं उत्तम म्हणाले होते ना? झालं तर. आपण काय मनातलं ओळखायचं?"

"सर," डॉक्टर आलिया म्हणाल्या, "आपला विभाग कुठला आहे?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बरं, मग रुग्णांच्या गटात टाक."

"तिथेही नियमात बसत नाहीत. रुग्ण म्हणून घेतलंच नव्हतं."

अशा रीतीने ओव्हाळसाहेब कुठल्याच गटात बसले नाहीत. माझ्यात बसले तेवढेच.

"आता ऐन वेळी नवा माणूस कुठून आणणार?" सर कुरकुरले.

"शोधीन. एवढ्या पुण्यात एखादा तरी असेल."

"फरक कमी होईल."

"होऊ दे."

सर दाराशी गेले. तिथून म्हणाले, "काढून टाक मग. आणि काढला का ते प्रबंधात सरळ लिही. लपवायचं नाही." मग जरा थांबून, "शाबास वगैरे मी म्हणणार नाही. डोकं फिरतं तुम्हा मुलांचं."

साहेबांनाही आपला निकाल हवा होताच. पुढच्या खेपेला ते आले, गालांवर थोडं मांस आलेलं, आणि डॉक्टर आलियांनी खरं काय ते सांगितल्यावर त्यांनी टेबलावर थाप मारली.

"म्हणजे मी पहिला आलो! मग या गोळ्या कशाला घेतोय मी?"

"ओव्हाळसाहेब, तुमच्या पाटाच्या शेवटच्या टोकाला पाणी कमी आलं, तर धरणात पाणी कमी आहे असं धरायचा का तुम्ही?"

"छे! वाटेत कुणी मोटार टाकून पाणी खेचलं असेल. गेट अडकलं असेल. फाटा फुटला असेल. एका टोकावरून धरणाचं काय कळतं?"

"आणि टोकाला भरपूर पाणी आलं तर?"

"तर कदाचित नुसताच वरती पाऊस पडला असेल." साहेब बोलता बोलता थांबले. "हं."

"तेच. शंभर पाट बघितले की धरणाबद्दल थोडा अंदाज येतो. एका पाटावरून त्या पाटाचंसुद्धा धड सांगता येत नाही. तुम्ही त्या दिवशी आतून किती घाबरले होतात, माझी गोळी किती चढली, काय ठाऊक? खिडकी आहे ती, पण काच खडबडीत आहे. तुमचं कसं चाललंय, ते मला तुम्हालाच विचारावं लागणार."

"मग विचारा."

"कसं चाललंय?"

साहेबांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता उत्तम म्हणतात. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "सकाळी वाईट. दुपारी बरं. काल चटणी खाल्ली."

"हे लिहून घेते," डॉक्टर म्हणाल्या, आणि खरंच घेतलं.

एका झटक्यात काही झालं नाही. पहिलं औषध मानवलं नाही, बदलावं लागलं. मध्ये एक आठवडा असा गेला की पूर्वा घरूनच काम करत बाबांच्या शेजारी बसून होती. पण साहेब दर मंगळवारी येत राहिले. आणि एका मंगळवारी हिराताई पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या.

"काय विशेष?" शर्मिला सिस्टरनी विचारलं.

"काल सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे टाकीच्या गळतीवरून सेक्रेटरीला बोलले. पाऊण तास!" हिराताईंचा चेहरा उजळला होता. "तो बिचारा शेवटी म्हणाला, मी राजीनामा देतो. तर हे म्हणाले, आधी गळती थांबवा, मग तुम्ही जा. घ्या, पेढा घ्या."

डॉक्टर आलियांनी पेढा घेतला. त्यांना निरोग्यांचा शेवटचा माणूसही मिळाला होता. तो मुलाखतीत "कसं चाललंय" विचारल्यावर म्हणाला होता, "चाललंय. तुम्हाला काय करायचंय?" त्याला त्यांनी ताबडतोब घेतलं. प्रबंध पूर्ण झाला. दोन गटांत फरक निघाला, पण लहान, आणि त्याचा अर्थ सांगताना हात राखूनच सांगावं लागेल असं त्यांनी त्यात स्पष्ट लिहिलं. परीक्षकांनी पुष्कळ प्रश्न विचारले म्हणे. पास केलं.

आता त्या खोलीत खोकी ठेवली आहेत आणि मी बाहेर, बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत असते. माझा एक हात फाटलाय, त्यावर चिकटपट्टी आहे. आतला फोम बसलाय. पाय वर येणं केव्हाच बंद झालं. माझ्या डोक्यावर कुणीतरी कागद चिकटवलाय: "ही खुर्ची रुग्णांसाठी आहे. सोबतच्यांनी आपापले पाय वापरावेत."

तक्रार नाही. इथे बरंच ऐकायला मिळतं. लोक बसतात, शेजारी ओळखीचं कुणी दिसलं की दचकतात आणि म्हणतात, "मी नाही हो, चुलतभावाला घेऊन आलोय." चुलतभाऊ कुठेच नसतो. शेजारीही म्हणतो, "मीसुद्धा." दोघं बराच वेळ आपापल्या चुलतभावांची वाट बघत बसतात.

माझी विनंती मोठी नाही. च्युइंगम माझ्या खालच्या बाजूला चिकटवू नका. टेकताना मागच्या खिशातली किल्ली काढून ठेवा, रेक्झिन फाटतं. आणि चुलतभावाला राहू दे. स्वतःच्याच नावाने नंबर लावा. आत डॉक्टर आलिया बसल्यात, त्या ऐकून घेतात.

आत्ताच नंबर पुकारला. माझ्यावर बसलेल्या बाई दोनदा उठल्या, दोनदा बसल्या आणि तिसऱ्यांदा उठून गेल्या. आत गेल्या, दार लोटलं गेलं.

जागा रिकामी झालीय. अजून ऊब आहे. तुम्ही कधीचे उभे आहात, या.